युक्लिडला संस्कृतात आणणारे जगन्नाथपंत

शाहूपुरीतल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. गल्ली रस्त्याला तिरकी मिळत असेल तर एका बाजूचा कोपरा अरुंद आणि दुसरा ऐसपैस दिसेल. एक ७० अंशांचा असला, तर दुसरा ११० चाच. मोजत बसायची गरज नाही. रस्ता सरळ आहे ना, मग बेरीज १८०. हेच आपले शाळेतले पूरक कोन. आपण पाठ केले आणि पेपर संपल्यावर विसरलो!

युक्लिडची ही सगळी मांडणी संस्कृतात कुणी आणली, माहितीये? जगन्नाथ सम्राट यांनी. नावावर जाऊ नका. 'सम्राट' ही नुसती पदवी. राज्य होतं सवाई जयसिंहाचं. हा राजा आपल्याला अगदीच परका नाही बरं का. १७०२ मध्ये औरंगजेबाने खेळणा, म्हणजे आपला विशाळगड घेतला, तेव्हा त्या वेढ्यात जेमतेम तेरा वर्षांचा जयसिंह होता. पुढे त्याने जयपूर वसवलं, पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या.

जगन्नाथपंत मराठी, असं परंपरा सांगते. वेदशास्त्र शिकलेला हा माणूस राजाच्या कामासाठी अरबी आणि फारसी शिकला. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. नसीरुद्दीन तुसीने तेराव्या शतकात युक्लिडचं अरबी रूप तयार केलं होतं. त्यावरून पंतांनी 'रेखागणित' लिहिलं. १५ अध्याय, ४७८ प्रमेयं! पहिल्याच अध्यायात आपले पूरक कोन आहेत. युक्ती बघा: सरळ रेषेवर लंब उभा करा, दोन काटकोन झाले. आता लंबाऐवजी तिरकी रेघ काढा. एका कोनातून जेवढं गेलं, तेवढंच दुसऱ्यात आलं. आपल्याकडे त्रिकोणाच्या बाजू काढण्यात पंडित तरबेज होते, पण कोन घेऊन अशी पायरीपायरीने सिद्धता देणं ही नवी चाल होती.

एक गोष्ट मात्र खटकते. प्रस्तावनेत युक्लिडचं नावच नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितलं, असं पंत लिहितात. पंडितांच्या गळी उतरवायला असेल कदाचित. पण श्रेय द्यायला हवं होतं.

१७३२ मध्ये त्यांचा खगोलावरचा 'सम्राट-सिद्धान्त' झाला. 'रेखागणित' मात्र हस्तलिखितांतच राहिलं. मुंबईत ते छापलं गेलं १९०१-०२ मध्ये. तोवर युक्लिड इंग्रजीच्या वाटेने आपल्या शाळांत येऊन बसलाही होता.