वटहुकूम आणि दादासाहेब मावळंकर

मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निघालेला वटहुकूम कायदेशीर असतो. तो उचित असतोच असे नाही. हा भेद पंडित नेहरूंच्या सरकारला वारंवार बजावणारे गृहस्थ विरोधी बाकांवरचे नव्हते. काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून आलेले लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांनी ते कर्तव्य बजावले.

मूळ रत्नागिरीकडच्या मराठी कुटुंबात १८८८ साली बडोद्यास जन्मलेल्या दादासाहेबांनी अहमदाबादला कर्मभूमी मानले. वकिली, नगरपालिकेचे अध्यक्षपद आणि सत्याग्रहातील तुरुंगवास यांतून ते घडले. १९३७ साली ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले. १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद त्यांनी अवघ्या तीन मतांनी जिंकले. १५ मे १९५२ रोजी लोकसभेने त्यांची निवड केली.

आपल्या पद्धतीत मंत्रिमंडळ संसदेतूनच जन्म घेते. बहुमत प्रचंड असले, की संसदेचा अंकुश नावापुरता उरण्याचा धोका असतो. तो ओळखून दादासाहेबांनी समित्यांचे बळ वाढविले. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही, हे पाहणारी समिती १९५३ साली अस्तित्वात आली. कायद्याच्या आधारे खाती जे नियम करतात, ते मूळ अधिकाराच्या मर्यादेत आहेत की नाही, हे तपासणारी समितीही त्याच वर्षीची.

वटहुकुमांविषयी त्यांनी १९५० आणि १९५४ साली पंतप्रधानांना पत्रे लिहिली. निव्वळ वेळ अपुरा पडतो म्हणून हा मार्ग धरल्यास संसद शिक्कामोर्तबापुरती उरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. संसदीय कामकाज संथ असल्याने सरकारला कधी कधी हा उपाय करावा लागतो, अशी नेहरूंची भूमिका होती. वाद मिटला नाही.

त्यांची बाजू सर्वस्वी निर्दोष होती, असेही नाही. सभापती झाल्यावरही त्यांनी पक्षाचे सदस्यत्व सोडले नाही. डिसेंबर १९५४ मध्ये विरोधकांनी पक्षपाताचा आरोप ठेवून त्यांच्याविरुद्ध ठराव आणला; तो फेटाळला गेला. तरीही पक्षाचा माणूस पक्षाच्या सरकारला कितपत आवरू शकेल, ही विरोधकांची शंका अवाजवी नव्हती.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी ते निवर्तले. त्यांचे भय पुढे बिहारमध्ये खरे ठरले. १९६७ ते १९८१ या काळात तेथील सरकारने २५६ वटहुकूम काढले. अनेक तर पुनःपुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा यांनी हे उजेडात आणले आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा म्हणजे राज्यघटनेशी केलेली प्रतारणा ठरविली. जे विधिमंडळाने वेळीच रोखायचे, ते रोखण्यासाठी एका अभ्यासकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. आपला अधिकार सभागृहानेच जपला पाहिजे, हा दादासाहेबांचा आग्रह किती रास्त होता, हे यावरून कळते.