फोर्कलिफ्टच्या बॅटरीला सारखं पाणी का लागतं? उत्तर १८५९ सालच्या पॅरिसमध्ये सापडतं

भिवंडीतल्या एखाद्या मोठ्या गोदामात फारसा आवाज न करता माल उचलणारे इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट दिसतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये शिसं आणि ॲसिडची बॅटरी असते. मोठ्या गाडीत तिचं वजन एक टनाच्याही वर जातं. या धुडाला ठरावीक दिवसांनी पाणी पाजावं लागतं. त्यात हयगय झाली तर लाखोंची बॅटरी वेळेआधीच भंगारात जाते.

या बॅटरीचा जनक म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते. आणि गंमत बघा, त्याच्या शोधाची सुरुवातच पाण्यापासून झाली होती.

आधी सापडला पक्षी

प्लांतेचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या ऑर्थेझ गावातला. भाऊ फ्रान्सिस पुढे नावाजलेला पियानोवादक झाला. गॅस्टनने मात्र विज्ञानाची वाट धरली. १८५४ मध्ये पॅरिसच्या एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत तो भौतिकशास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांचा सहायक झाला.

पुढच्याच वर्षी पॅरिसजवळच्या म्यूदाँ इथे त्याला एका प्रचंड पक्ष्याचं जीवाश्म सापडलं. न उडणारा, माणसाएवढा उंच पक्षी. त्याला गॅस्टनच्याच नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ असं नाव मिळालं. तेव्हा तो अगदी तरुण होता.

पाणी फोडता फोडता बॅटरी

त्या काळात विजेसाठी जे सेल वापरायचे, ते एकदा संपले की संपले. आतलं रसायन बदलल्याशिवाय ते पुन्हा चालत नसत.

प्लांते वेगळ्याच गोष्टीच्या मागे होता. विजेने पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करणारं एक उपकरण असतं. त्याची वीज बंद केली की थोडा वेळ उलट्या दिशेने प्रवाह वाहतो. प्लांतेने वेगवेगळे धातू घालून हा उलटा प्रवाह तपासला. शिशाने सगळ्यांना मागे टाकलं.

१८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये आडोसा ठेवला, त्यांची गुंडाळी केली आणि पाणी मिसळलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी तयार झाली! १८६० मध्ये त्याने अशा नऊ सेलची बॅटरी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली.

शोध लागला, पण चार्ज कशावर करणार?

तेव्हा कामाचा डायनॅमोच नव्हता. म्हणजे ही बॅटरी चार्ज करायला जुनेच सेल लागायचे. शिवाय शिशाचा पृष्ठभाग नीट तयार व्हायला महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज करत बसावं लागे. त्यामुळे बाजारात या शोधाला लगेच भाव आला नाही.

१८७० च्या दशकात डायनॅमो आले. १८८१ च्या सुमारास कामिय फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात बनू लागली. प्लांते मात्र प्रयोगशाळेतच रमला. शेकडो सेल जोडून त्याने आकाशातल्या विजेसारखे परिणाम घडवून पाहिले. २१ मे १८८९ रोजी, ५५ व्या वर्षी तो गेला.

मग पाणी जातं कुठे?

प्लांतेने जिथून सुरुवात केली, तिथेच. बॅटरी पूर्ण चार्ज होत आली की जास्तीची वीज आतलं पाणी फोडू लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात, ॲसिड मात्र आतच राहतं. म्हणून भर घालायची ती फक्त पाण्याची, ॲसिडची कधीच नाही.

पातळी खाली गेली की प्लेट उघड्या पडतात. उघडा भाग वाळतो, निकामी होतो आणि नंतर कितीही पाणी ओतलं तरी तो पहिल्यासारखा होत नाही.

त्यामुळे हे नियम पाळायलाच हवेत:

- पाणी चार्जिंग झाल्यावर घाला. चार्ज होताना द्रव फुगतो. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं.
- चार्जिंगआधीच प्लेट उघड्या दिसल्या, तर त्या बुडतील एवढंच पाणी घाला. बाकीचं चार्ज झाल्यावर.
- डिस्टिल्ड वॉटरच वापरा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेट खराब करतात.
- प्रत्येक सेल तपासा. ४८ व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे २४ सेल असतात. एक कोरडा राहिला तरी अख्खी बॅटरी ढेपाळते.
- चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. जागा हवेशीर ठेवा, विडी-सिगारेट लांब. हवेत साधारण ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने भडका उडू शकतो.

घरच्या इन्व्हर्टरला पाणी लागणारी बॅटरी असेल, तर आत घडतं ते हेच. फरक फक्त आकाराचा. प्लांतेच्या बॅटरीने पुन्हा पुन्हा भरण्याची सोय दिली, त्या बदल्यात ती दर चार्जिंगला थोडं पाणी घेते. झाकण उघडून पातळी बघायला काही मिनिटं लागतात. त्या मिनिटांचा आळस केला, तर नवी बॅटरी घ्यावी लागते.