नेत्रहीनांचे सेवक डॉ. वानलेस

सर विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीचे शिक्षण पुरे करून १८८९ साली ते प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सपत्नीक सांगलीस आले. १८९४ साली मिरजेचे इस्पितळ उघडले. मोतीबिंदूने दृष्टी गेलेले पुष्कळ वृद्ध तेथे आशेने येत. त्या काळी डोळ्यातील गढूळ भिंग काढल्यावर त्याजागी दुसरे बसविता येत नसे. ती सोय १९४९ नंतरची. रुग्णास जाड काचांचा चष्मा लागे, तरी माणसे ओळखू येत आणि वाट दिसे. १९२८ साली डॉक्टरांना सर हा किताब मिळाला. १९३३ साली ते प्रभूमध्ये निजले. वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते.

बिदर-कलबुर्गीकडील आपल्या मंडळ्यांतही काही वडीलधारे म्हातारपण म्हणून गप्प बसतात. शास्त्रवाचन सुटते, मग उपासनाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते; काचबिंदूने गेलेली येत नाही. म्हणून तपासणी वेळेवर हवी.

संडेस्कूलच्या शिक्षकांनो, बार्तीमयाचा धडा शिकवाल तेव्हा मुलांना विचारा, घरी आजीला सुईत दोरा ओवता येतो का? येत नसेल तर तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेणे हीही प्रभूचीच सेवा आहे.