इलायजा मॅकॉय

यंत्र कितीही बळकट असले, तरी वंगणावाचून ते फार काळ चालत नाही. लोखंडावर लोखंड घासते, उष्णता वाढते, भाग झिजतात आणि अखेरीस यंत्र अडकून बसते. यंत्राला योग्य वंगण योग्य वेळी कसे मिळेल, या प्रश्नाच्या चिंतनात इलायजा मॅकॉय यांनी आपले आयुष्य वेचले.

इलायजा यांचे आईबाप अमेरिकेतील केंटकी राज्यात गुलाम होते. पकडले जाण्याचे भय पत्करून ते कॅनडात पळून आले. तेथे १८४४ च्या सुमारास इलायजा यांचा जन्म झाला. मुलाला यंत्रांची उपजत आवड आहे, हे पाहून आईबापांनी त्याला पंधराव्या वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे शिकण्यास पाठविले. तेथे यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन इलायजा परतले आणि अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहू लागले.

गुलामगिरी कायद्याने संपली होती. परंतु लोकांच्या मनांतून ती गेली नव्हती. कृष्णवर्णीय माणसाला अभियंत्याची जागा देण्यास कोणी तयार होईना. अखेर त्यांनी आगगाडीच्या एंजिनात कोळसा टाकण्याचे आणि यंत्राला तेल घालण्याचे काम पत्करले. हे काम आपल्या विद्येला कमीपणा आणणारे आहे, असे मानून ते खंतावत बसले नाहीत. डोळे उघडे ठेवून ते काम करू लागले.

त्या काळी तेल घालण्यासाठी गाडी वारंवार थांबवावी लागे. त्यात वेळ जाई आणि इंधनही फुकट जाई. यंत्र चालू असतानाच त्याला आपोआप तेल मिळाले तर? मॅकॉय यांनी हा ध्यास घेतला. १८७२ मध्ये त्यांनी एक तेलपात्र तयार करून त्याचे पेटंट मिळविले. हे पात्र वाफेच्या एंजिनाला जोडलेले असे. एंजिनातील वाफेच्या दाबाने पात्रातील लहानसा दट्ट्या सरके, झडप उघडे आणि तेल आत उतरे. एंजिनातील वाफच आता तेलवाल्याचे काम करू लागली!

मॅकॉय तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे अधिक तप्त वाफेवर चालणारी मोठी एंजिने आली. त्यांना तेलाबरोबर ग्रॅफाइटची पूड देणे हितकारक होते. पण ती पूड नळीत साचून राही. वृद्धापकाळी, १९१५ मध्ये, त्यांनी ही अडचणही दूर करणारे वंगणयंत्र शोधून काढले. त्यांच्या नावावर सुमारे ५७ पेटंटे जमा झाली. त्यांतील बहुतेक वंगणासंबंधीच होती.

भांडवलाअभावी अनेक पेटंटांचे हक्क त्यांना विकावे लागले. त्यामुळे त्यांच्या श्रमाचे धन इतरांच्या पदरी पडले. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यापाशी फारसे काही उरले नव्हते. २००१ मध्ये मात्र अमेरिकेतील थोर संशोधकांच्या मालिकेत त्यांचे नाव सन्मानाने नोंदले गेले.

आज मोटारीच्या व विमानाच्या एंजिनात तेल सतत खेळते ठेवलेले असते. थंडीत फार घट्ट होणारे तेल वेळेवर पोहोचत नाही. उष्णतेने फार पातळ होणारे तेल भागांना एकमेकांपासून दूर ठेवू शकत नाही. म्हणून प्रत्येक एंजिनासाठी तेल पारखून निवडावे लागते. तेल घालण्याच्या कामाला हलके मानणाऱ्या जगाला त्या कामाचे मोल दाखवून देणाऱ्यांमध्ये मॅकॉय अग्रेसर होते.