नेवाशाची टेकडी खणून महाराष्ट्राचं वय सांगणारे डॉ. सांकलिया

नेवासा म्हटलं की ज्ञानेश्वरी आठवते. 1290 साली ती इथंच सांगितली गेली. पण याच नेवाशात, प्रवरेकाठच्या पांढरीच्या टेकाडाखाली त्याहून कितीतरी जुनं गाव गाडलेलं होतं. ते बाहेर काढलं डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी.

1908 साली मुंबईत, गुजराती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 1936 मध्ये लंडन विद्यापीठाची पीएचडी मिळवली. तिथंच मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात ते खणायचं शास्त्र शिकले. 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले.

तेव्हा महाराष्ट्राचा इतिहास साधारण सातवाहनांपासून सुरू व्हायचा. त्याआधी इथं कोण राहायचं, हे कोडंच होतं.

1950-51 मध्ये संगमनेरजवळच्या जोर्वे गावात उत्खनन झालं. लाल रंगावर काळी नक्षी असलेली खापरं मिळाली. याच गावावरून त्या संस्कृतीला 'जोर्वे' नाव पडलं. 1954 पासून नेवाशात खोदकाम सुरू झालं. वर मध्ययुग, खाली सातवाहन, त्याखाली तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे शेतकरी. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरात तर अश्मयुगातली हत्यारं.

पण नेमकं वय कसं ठरवायचं? थरांवरून आधीचं-नंतरचं कळतं, वर्षं कळत नाहीत. तेव्हा कार्बन-14 ही पद्धत नवी होती. सजीव मेला की त्यातला हा कार्बन ठरावीक वेगानं घटतो, 5730 वर्षांत निम्मा होतो. नेवाशाचा कोळसा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तपासला गेला. वय निघालं तीन हजार वर्षांहून जास्त. म्हणजे सातवाहनांच्या कित्येक शतकं आधी इथं गावं नांदत होती.

याचा उपयोग गुहाचित्रांनाही झाला. 1957 मध्ये विष्णू श्रीधर वाकणकरांनी भीमबेटका उजेडात आणलं. पण गेरूसारख्या खनिज रंगात कार्बन नसतो, त्यामुळे चित्राचं वय थेट काढता येत नाही. मग काही चित्रांची शैली ताम्रपाषाणयुगीन खापरांवरच्या नक्षीशी ताडून पाहिली गेली. खापराचा काळ माहीत असेल, तर तशाच चित्राचा अंदाज बांधता येतो. सांकलियांनीही 1978 मध्ये भारतातल्या प्रागैतिहासिक कलेवर पुस्तक लिहिलं.

1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 28 जानेवारी 1989 रोजी त्यांचं निधन झालं. जोर्वे हे छोट्याशा गावाचं नाव मात्र आज भारतीय पुरातत्त्वाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतं.