तबकडीच्या चाकोरीबाहेर

१९२५ पर्यंत गाण्याची तबकडी विजेवाचून तयार होत असे. गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून मोठ्याने गाई. आवाजाने आतला पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर नागमोडी रेघ कोरी. पुढे वीज आली, तरी रेघ जाडच राहिली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासाभराचा ख्याल तेवढ्यात उरकावा लागे.

अशा तबकड्या ऐकून आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक मुलगा गाऊ लागला. शिवपुत्र कोमकळी, जन्म ८ एप्रिल १९२४. सहा-सात वर्षांचा शिवपुत्र थोर गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवी. लोक थक्क होत. एका स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. पण कितीही गोड असली, तरी ती नक्कलच होती.

१९३६ साली तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे आला. देवधरांनी त्याला अनेक घराण्यांची गायकी दाखवली आणि गाण्याचा विचार करायला शिकवले.

पुढे क्षयाने गाठले. ३० जानेवारी १९४८ रोजी कुमार कोरड्या हवेसाठी देवासला राहायला आले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. स्ट्रेप्टोमायसिनने जीव वाचला, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. त्या मुक्कामात त्यांच्या कानांवर माळव्याची लोकगीते पडत होती. ती कोणत्याही उस्तादाची नव्हती. त्याच धुनांतून त्यांनी मालवती, संजारी यांसारखे नवे राग उभे केले. लांब श्वास पुरत नव्हता, तरी त्यांचे स्वतःचे गाणे तिथेच जन्मले.

योगायोग असा की, १९४८ सालीच अमेरिकेत बारीक रेघेची लाँग प्ले तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावे. पुढे कुमारांच्याही अशा तबकड्या निघाल्या, आणि त्यांत आता त्यांचेच गाणे होते.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच ते निवर्तले. मातृभाषा कन्नड, शिक्षण मुंबईत, कर्मभूमी माळवा. गाइडे पाठ करून परीक्षा देणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते: पाठांतराने सुरुवात करण्यात कमीपणा नाही. कुमारांनीही तशीच केली. मात्र ते तिथे थांबले नाहीत.