औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी : उतारवयातील व्यायामव्रत

पन्नाशी उलटली की व्यायामाचे नाव काढणेही हास्यास्पद मानण्याची आपल्याकडे चाल आहे. नातवंडांस तालमीत धाडावे व आपण तक्क्याला टेकून बसावे, हाच जणू वृद्धांचा धर्म! अशा समजुतीच्या वडीलधाऱ्या ज्ञातिबांधवांनी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या चरित्राकडे अवश्य दृष्टी टाकावी.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ सालचा. १८९७ च्या सुमारास यूजीन सँडो या जगप्रसिद्ध बलवानाची पुस्तके व उपकरणे मागवून त्यांनी ती पद्धत सुमारे दहा वर्षे नेटाने चालविली. पुढे मिरजेच्या अधिपतींचे उदाहरण पाहून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. तेव्हा त्यांची चाळिशी आली होती. ज्या वयात सामान्य मनुष्य लंगोट खुंटीला टांगतो, त्या वयात त्यांनी नव्या व्यायामाचा श्रीगणेशा केला, हे विशेष होय. सँडो त्यांच्याहून एकाच वर्षाने वडील. तो १९२५ साली, ५८ व्या वर्षी निवर्तला. यावरून कोणताही सिद्धान्त काढू नये, परंतु योगायोग नमूद करण्याजोगा खास आहे.

बाळासाहेबांच्या पद्धतीत एका नमस्काराची दहा अंगे असत. प्रथम ताठ उभे राहणे, मग वाकून तळहात भूमीस टेकणे, पाय मागे नेणे, साष्टांग लीन होणे, छाती उचलणे आणि उलट क्रमाने पुनः उभे राहणे. सोबत श्वासाचे नियमन व मंत्रोच्चार. साधन म्हणजे अंगापुरती जागा. खर्च शून्य! संख्या मात्र हळूहळूच वाढवावी. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी तर वैद्यास विचारूनच.

१९०९ साली गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानच्या शाळांतून नमस्कार सुरू केले. केवळ हुकूम काढून ते थांबले नाहीत. स्वतः करून दाखवीत. मुले शिक्षकाच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या वागणुकीकडे पाहतात, हे शाळेत उभा जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यास वेगळे सांगावयास नको. राणीसाहेबही नमस्कार घालीत असत.

१९३६ साली पासष्टी ओलांडलेले बाळासाहेब इंग्लंडास गेले, तेव्हा त्यांची शरीरयष्टी पाहून तेथील वृत्तपत्रकारही चकित झाले. त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ १९३८ साली लंडनहून निघाला. त्याच सुमारास औंधचे चित्रसंग्रहालय उभे राहिले, आणि १९३९ साली, सत्तरी पूर्ण झाल्यावर, महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. चित्रकला व कीर्तन हे त्यांचे छंद आणखी निराळेच.

साठी उलटलेल्यांनीही आठवड्यास निदान दीडशे मिनिटे बेताचे श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. औंधास ते शतकापूर्वीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. १९५१ साली, ८२ व्या वर्षी, बाळासाहेब कैलासवासी झाले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत परराष्ट्रखात्यात राजदूत झाले. १९७० साली त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले.